परशाचा टाक

सोनाराच्या धंद्यावर लिहा, असा एका मासिकाचा निरोप आला तेव्हा मी हसलो. सोनारावर काय लिहायचं? दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं कमी आणि बोटांकडं जास्त बघत आलं. आमचं सोनं कुठं पडतंय, कुठं चिकटतंय, याच्यावर सगळ्यांचा डोळा. जन्मभर असं संशयाखाली बसून काम केलं, की माणूस एक तर लबाड होतो नाहीतर तिरसट. मी तिरसट झालो. आमच्या घरात कुणालाही विचारा, होच म्हणतील.

तेव्हा सोन्याचं राहू द्या. मी चांदीचं लिहितो, तेही टाकांचं.

ज्यांच्या घरी नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. टाक म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायची चांदीची तळहाताहून लहान प्रतिमा. कुणाचा खंडोबा, कुणाची भवानी, आणि कुणाच्या घरातला गेलेला माणूस. लढाईत किंवा अवेळी गेलेल्याचा टाक करून देवात बसवला की तो घराला त्रास देत नाही, राखण करतो, अशी समजूत. करायची रीत सोपी आहे. चांदीचा पत्रा तापवून मऊ करायचा, काशाच्या ठशावर ठेवायचा, वर शिशाचा ठोकळा ठेवून हातोडा मारायचा. शिसं पत्र्याला ठशाच्या खाचाखोचांत दाबतं आणि आकृती उठते. मागची पोकळी लाखेनं भरायची, तांब्याचा पत्रा लावून कडा दुमडायच्या. झालं.

आमच्याकडं मेलेल्या पुरुषांसाठी एकच ठसा होता. घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला वीर. आजोबांच्या वेळचा. शेतात साप चावून गेलेला असो, पटकीनं गेलेला असो, सगळे त्याच घोड्यावर. एकदा निपाणीकडचा एक तंबाखूवाला शेतकरी बापाचा टाक न्यायला आला. हातात घेऊन उलटासुलटा करत म्हणाला, “आप्पा, माझा बा जन्मात घोड्यावर बसला न्हाय. पडंल की ओ!”

मी म्हटलं, “आता कुठं पडतोय? आता तो वर गेलाय.”

“न्हाय न्हाय, बैलगाडी करा.”

शेवटी सुंबीनं, म्हणजे बारीक छिन्नीनं, मी घोड्याच्या कपाळावर दोन शिंगं कोरून दिली. खूश होऊन गेला. आजही कुठंतरी देव्हाऱ्यात तो शिंगाचा घोडा असेल.

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका बोळात आमचं दुकान. चार पायऱ्या चढून वर यायचं. दुसऱ्या महायुद्धात टाकांचं काम इतकं वाढलं, की ठसा गार व्हायला वेळ मिळेना. खानापूर, जांबोटी, इकडं चिकोडीकडची पोरं पलटणीत भरती झालेली. कुणी आफ्रिकेत, कुणी ब्रह्मदेशात. तारा यायच्या. प्रेत नाही, राख नाही, तर माणसं टाकाला धरून रडायची. चांदी देऊन टाक घेतानासुद्धा बाया पदर पसरून घ्यायच्या, मूल घेतल्यासारखा.

आणि त्याच वेळी गावात मास्तर आला.

तो कुठल्या शाळेत मास्तर होता ते कुणालाच माहीत नव्हतं. तांबडं पागोटं, काळा कोट, सोनेरी काड्यांचा चष्मा. आमच्या बोळाच्या तोंडाशी माडीवर त्यानं खोली घेतली. मेलेल्यांचे आत्मे बोलावतो म्हणायचा. अंगात येणारे देवर्षी आमच्याकडं काही कमी नव्हते, पण ते लिंबू-कोंबडं मागणारे. हा शास्त्र सांगायचा. विलायतेत साहेबलोकसुद्धा आत्मे बोलावतात म्हणायचा. वकील, कारकून, शाळेतले शिक्षक, सगळे त्याच्या माडीवर. साहेबाचं नाव घेतलं की आमच्या शिकलेल्या माणसांच्या मानेतलं हाडच वितळतं. गिऱ्हाईक कानडी असलं तर त्याचा आत्मा कानडीत बोलायचा, मराठी असलं तर मराठीत. माणूस हुशार होता, ते नाकारत नाही.

आत्मा येऊन बोलला, की मास्तर घरच्यांना सांगायचा, “याला जागा द्या. टाक करा.” मग ती माणसं माझ्याकडं. म्हणजे माझा धंदा त्याच्यामुळं वाढला, हे खरं. त्या नात्यानं तो रोज दुपारी माझ्या दुकानात येऊन बसायचा. चहा प्यायचा, वर्तमानपत्र तोंडापुढं धरायचा आणि गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकायचा. सोनाराच्या दुकानात माणसं फार बोलतात. कुणासाठी काय करताय, हे सांगितल्याशिवाय दागिना सांगता येत नाही ना!

तर आता गणपा. जांबोटीकडच्या रानातून कोळशाची गाडी घेऊन तो बेळगावात यायचा. माझ्या शेगडीला त्याचाच कोळसा. त्या काळात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारीसुद्धा कोळशाच्या धुरावर चालायला लागलेल्या, त्यामुळं त्याला मान आला होता. काळाकभिन्न, लाजरा, बायको बाळंतपणात गेलेली. गाडीतली पोती उतरवून झाली, की पायरीवर बसून पाणी प्यायचा आणि उठायचा. जास्त बोलणं नाही.

एक दिवस मात्र पाणी पिऊन झालं तरी उठेना.

“काय रं गणपा?”

“काय न्हाय आप्पा. जोडवी कराय किती दीस लागत्यात?”

मी भिवई वर केली. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि डाव्या हाताची करंगळी पुढं केली. करंगळीत गवताच्या काडीचं कडं होतं.

“ह्ये तिच्या पायाचं माप. तिनंच वळून दिलंया.”

“कुणी?”

“हौसानं.”

हौसा म्हणजे रस्त्याकडच्या एका गावची परशाची बायको. लग्न होऊन महिना व्हायच्या आत परशा पलटणीत गेला. आधी बेपत्ता झाल्याची तार, मग वर्षानं मेला असं धरा म्हणून कागद. घरात ती आणि सासू, दोघीच. त्यांच्या विहिरीवर गणपाचे बैल पाणी प्यायचे. बैलांना पाणी पाजता पाजता या दोघांचं जमलं. आमच्याकडं शेतकरी लोकांत विधवेचा पाट लावायची रीत जुनीच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण सासूला सांगायचं धाडस अजून झालं नव्हतं. दिवाळीनंतर सांगायचं ठरलं होतं.

“गाडी हाकत आलास, काडी तुटली न्हाय वाटंत?” मी मुद्दाम विचारलं.

“एका हातानंच हाकली की ओ,” म्हणाला, आणि त्या काळ्या तोंडावर असं हसू फुटलं, की मलाच लाजल्यासारखं झालं. मी ते कडं तारेवर चढवून माप घेतलं. त्यानं ते परत मागून घेतलं आणि पुन्हा करंगळीत घातलं.

कोपऱ्यात वर्तमानपत्रामागं मास्तर बसलेला होता. मला त्याचं काही वाटलं नाही. तो रोजच बसायचा.

त्याच महिन्यात परशाची आई माझ्याकडं आली. तानुबाई तिचं नाव. गावातल्या बायांबरोबर ती मास्तराच्या माडीवर जाऊन आली होती, आणि मास्तरानं तिलाही टाक करायला सांगितलं होतं. टाक झाला की त्यात परशाला बोलावून बसवायचं, सुनेलाही आणायचं. मी टाक केला. तोच घोडा, तीच तलवार. म्हातारी म्हणाली, “मिशी जरा बारीक करा. त्येला आत्ता कुठं फुटली हुती.” मी कोरणीनं मिशी बारीक केली.

ठरलेल्या दिवशी भर दुपारी टाक घेऊन मीच माडीवर गेलो. खिडक्या लावलेल्या, उदबत्त्यांचा धूर. पाटावर तांदूळ, तांदळात टाक. समोर तानुबाई, तिच्यामागं भिंतीला चिकटून हौसा. मी दाराशी उभा. मास्तर डोळे मिटून बसला. थोड्या वेळानं हात थरथरायला लागले आणि बारीक, घशातल्या घशात आवाज आला.

“आई… आई, मी सुखात आहे. रडू नकोस.”

मला हे वाक्य पाठ होतं. मागं एका हवालदाराचा टाक पोचवायला आलो होतो तेव्हा त्याचा आत्माही हेच बोलला होता, याच सुरात. मी मनात म्हटलं, याचाही ठसा एकच आहे. सगळे मेलेले याच घोड्यावर. तानुबाईकडं बघितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती नुसती टक लावून बघत होती.

मग मास्तराचा आवाज चढला. “आई, माझी बायको पायांत जोडवी घालायला निघालीय. कोळशाच्या गाडीत बसायला निघालीय. गवताची काडी कुणाच्या बोटात आहे, विचार तिला!”

हौसाच्या तोंडातून “अगं आई गं” असं निघालं.

“तिनं पाट लावला तर मी त्याला सोडणार नाही. बैल उधळवीन, गाडी दरीत घालीन. त्याला घेऊन जाईन. आई, तू साक्षी आहेस.”

मी पुढं झालो, “मास्तर, हे काय—” पण मास्तर घामाघूम होऊन मागं कलंडला आणि त्याच्या चेल्यानं मला खांद्याला धरून बाहेर काढलं. मी जिना उतरलो. गवताची काडी! माझ्या दुकानात, माझ्या चहावर बसून ऐकलेलं, आणि आत्मा खरा वाटावा म्हणून वापरलेलं. मी खाली उभं राहून वर बघत त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. बोळातली माणसं मला बघून हसत होती.

चार दिवसांनी गणपा आला. पोती उतरवली नाहीत. “आप्पा, ती भेटंना झालीया. इहिरीवर आलो की घरात जात्या. तुमी सांगा तिला. तुमचं ऐकंल.”

मी दुकान बंद केलं आणि त्याच्या गाडीत बसून गेलो. गणपा अलीकडंच वळणावर थांबला. हौसा परड्यात शेण्या थापत होती. मी तिला सगळं सांगितलं. मास्तर कुठं बसला होता, त्यानं काय ऐकलं, हवालदाराचा आत्मा काय बोलला होता. “तेच वाक्य, पोरी. जसंच्या तसं. लबाड माणूस आहे तो.”

ती शेणाचा गोळा हातात घेऊन ऐकत होती. मग म्हणाली, “आप्पा, तुमचे टाकबी समदे एकसारखेच असत्यात न्हवं? म्हनून काय ती माणसं मेलेली न्हाईत?”

मी दुसऱ्या बाजूनं विचारलं.

“बरं, आवाज तरी परशाचा होता का?”

“मला काय ठावं? सासूपुढं नवरा-बायको कवा बोलत्यात? दिसभर त्यो रानात, मी चुलीपाशी. जे काय बोलला ते अंधारात, कुजबुजत. त्येचा मोठा आवाज म्या ऐकलाच न्हाय.” तिनं गोळा दुसऱ्या हातात घेतला. “खोटंबी असंल आप्पा. मी न्हाय म्हणत न्हाय. पर खरं निघालं तर मरनार कोन? मी न्हाय, त्यो मरनार. त्येची गाडी रोज त्या घाटातनं जात्या.”

“अगं, तो असाच कुढून मरेल.”

“कुढून कोन मरत न्हाय,” ती म्हणाली. “त्यो जिता ऱ्हाऊ दे. दुसरी करू दे. मला नुसतं गाडीच्या घुंगराचा आवाज आला तरी बास.”

एवढं बोलून तिनं शेणी भिंतीवर थापली, आणि तिच्या बोटांचे ठसे शेणीवर उठले. मी गणपाकडं परत गेलो. माझं तोंड बघूनच त्यानं बैल वळवले.

पुढचं थोडक्यात सांगतो. गणपा दोन पावसाळे थांबला. मग घरच्यांनी त्याचं लग्न लावलं. तयार जोडवी माझ्याकडं पडून होती, ती त्यानं वितळवायला सांगितली. नव्या बायकोला ती घालवेनात, म्हणाला. त्यानंतर तो विहिरीकडचा रस्ता सोडून लांबच्या वाटेनं यायला लागला. म्हणजे घुंगरांचा आवाजसुद्धा तिला मिळाला नाही.

आणि मास्तर? वाचकांना वाटत असेल, त्याचं पितळ उघडं पडलं असेल, लोकांनी त्याला बदडला असेल. काही नाही. लढाई संपली, तारा थांबल्या, आणि मास्तर हुबळीकडं गेला. जाताना वकिलांनी त्याला हार घातले, फोटो काढला. त्या फोटोत मागच्या रांगेत आमच्या पेठेतली निम्मी शहाणी माणसं आहेत. मी त्या वेळी दुकानातच बसून होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या देत होतो. माझा रिकामा संताप कुणाच्या उपयोगाचा नव्हता.

मला वर्षानुवर्षं वाटत होतं, म्हातारीला मास्तरानं फसवलं. बिचारी अडाणी, लेकासाठी वेडी झालेली. हौसाचं वाटोळं झालं ते मास्तरामुळं, म्हातारीचा काय दोष?

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी श्रावणाच्या सुमाराला सासू-सून दोघी दुकानात आल्या. म्हातारीला आता धड दिसत नव्हतं, पायरी चढताना हौसानं तिला हात देऊन वर आणलं. टाकाची लाख सुटली होती. रोज घासून घासून घोड्याचं तोंड गेलं होतं, मिशी तर राहिलीच नव्हती. लाख भरेपर्यंत हौसा बाजारातून मीठ-मिरची आणायला गेली. म्हातारी बसली. मी लाख तापवायला ठेवली.

“आप्पा,” म्हातारी आपणहून म्हणाली, “मास्तर कुटं असतो वो आता?”

“नरकात नसला तर हुबळीत.”

ती हसली. तोंडात दात नव्हते. “लबाडच हुता मेला. मला तवाच कळलं हुतं.”

माझा हात थांबला. “काय कळलं होतं?”

“माझा भाऊ बारका असतानाच माझ्याकडं ऱ्हायला आलता. त्यो मला आक्का म्हणायचा, त्येचं ऐकून परशाबी आक्काच म्हणाया लागला. लढाईवर जाताना ‘आक्का, येतो गं’ म्हणून गेलता. जन्मात त्येनं मला आई म्हटलं न्हाय. आन् ह्यो मास्तर सारखं आई, आई. पयल्याच शब्दाला कळलं, ह्यो माझा परशा न्हवं.”

“मग बोलली का नाहीस? तिथंच? तोंडावर?”

ती टाकावरून बोट फिरवायला लागली. “आई म्हटलेलं ग्वाड वाटलं वो. कुनीतरी म्हटलं. आन् मग त्यो जोडव्याचं बोलला. तवा मला पयल्यांदा कळलं, ही निघाली म्हनून. ही गेली असती तर मी त्या घरात कुनाच्या तोंडाकडं बघत बसले असते?”

मी वर बघितलं. हौसा वरच्या पायरीवर उभी होती. हातात मिठाची पुडी, डोकीवर पदर. किती वेळची उभी होती माहीत नाही, पण चेहऱ्यावरून कळलं की पुरेसा वेळ. म्हातारीला ती दिसत नव्हती. माझ्या गप्प बसण्यावरूनच तिला कळलं असावं. ती चाचपडत म्हणाली, “हौसे? आलीस व्हय गं?”

हौसा आत आली. तिनं म्हातारीच्या हातातून टाक काढून घेतला आणि माझ्यापुढं ठेवला.

“ह्यो वितळवा.”

“अगं, माझा लेक हाय त्यो!” म्हातारी ओरडली.

“ह्यो तुमचा लेक न्हवं, आत्याबाई. तुमचा लेक तुमाला आक्का म्हणायचा.”

म्हातारीनं पुढं केलेला हात मागं घेतला. मी तांब्याचा पत्रा उचकटला, उरलेली लाख काढली, चांदी मुशीत टाकून भाता मारला. घोडा, तलवार, बिनमिशीचा परशा, सगळं गोळा झालं. गणपाचाच कोळसा होता, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

“काय करू याचं?” मी हौसाला विचारलं.

“काय बी नगं.”

ती चालायला लागली. मागं न बघता पायऱ्या उतरली. म्हातारी उठली, दाराशी आली आणि वरच्या पायरीवर अडकली. एकटीनं उतरणं तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. “हौसे, अगं हौसे,” एवढंच म्हणत राहिली. हौसा खाली बोळात पाठमोरी उभी. तिच्यापुढं सगळा खडेबाजार मोकळा होता. माझ्या हातात चिमटा तसाच, आणि मी मनातल्या मनात ओरडत होतो, जा गं पोरी, आता तरी जा, मागं वळू नको.

ती वळली नाही. तिनं नुसता हात मागं केला, आणि म्हातारीनं तो घट्ट धरला.